अठ्ठेचाळीस फळ्या आणि एक कबुली

एक

व्हायोलिन मध्येच थांबलं, ते तार तुटली म्हणून नव्हे. वाजवणाऱ्या बाईंनी गज खाली घेतला, भरल्या सभागृहावरून एकदा नजर फिरवली आणि घासात खडा यावा तसं तोंड करून म्हणाल्या, "ही जागा मेलेली आहे. मेलेल्या जागेत मी वाजवत नाही." आणि सरळ आत निघून गेल्या. सात वर्षांनी त्या इथे वाजवायला आल्या होत्या. ध्वनिमुद्रणाची माणसं यंत्रं लावून बसली होती. सगळं मुसळ केरात.

ही झाली कालची संध्याकाळ. आज सकाळी दहा वाजता मापबाई सभागृहाच्या पायऱ्या चढत होत्या आणि पायरीगणिक चिडत होत्या.

मापबाई म्हणजे सभागृहाच्या विश्वस्त मंडळातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या सभासद. उभी नोकरी वजनमाप खात्यात गेली. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण त्या लांबून वासावर ओळखत, अशी त्यांची ख्याती होती. म्हणून तर मंडळाने हा तपास त्यांच्या गळ्यात घातला. अडचण एवढीच, की देवाने त्यांना डोळे दिले होते, हात दिले होते, चिकाटी तर पोत्याने दिली होती. पण सुरांचा कान द्यायचा तेवढा राहून गेला होता. बासरी आणि कुकरची शिट्टी यांत त्यांना फरक कळायचा तो भात शिजला की नाही यावरून.

"पाच वाजता मंडळ बसतंय," व्यवस्थापक दारातच म्हणाले. हाताशी दोन फोन, आणि दोन्हींवर कुणीतरी रागावलेलं. "अहवाल एका ओळीचा आहे हो बाई. भिंतकाकांना घरी पाठवा. संपलं."

"ओळ तुमची, सही माझी? आधी मला नीट समजावून सांगा."

व्यवस्थापकांनी सुस्कारा सोडला आणि सांगितलं. सभागृहाच्या दोन्ही भिंतींना मिळून अठ्ठेचाळीस उंच फळ्या. प्रत्येक फळी आपल्या खिळीवर फिरते. एका अंगाला गुळगुळीत लाकूड, दुसऱ्या अंगाला जाड लोकरी नमदा. ढोल वाजणार असले की नमदा बाहेर काढायचा, म्हणजे आवाज झटकन विरतो, एक ठोका दुसऱ्यावर आदळत नाही. व्हायोलिन, बासरी असली की लाकूड बाहेर, म्हणजे सूर भिंतीवरून परततो, घोटाळतो, हळूहळू जातो. वर सज्जाच्या मागे जाड पडदे. तेही तसेच, लागतील तेव्हा ओढायचे, नको तेव्हा पेटीत सारायचे. हे सारं गेली तीस वर्षं एकच माणूस करतो, म्हणून त्याचं नाव पडलं भिंतकाका. फळ्या फिरवायची हँडलं ज्या खोलीत आहेत तिची किल्ली त्यांच्याच कमरेला.

"दुपारी सरावाला बाईंना हीच जागा आवडली. संध्याकाळी ती मेली. मधले दोन तास किल्ली कुणाकडे? आणखी काय हवं?"

"कारण हवं. तीस वर्षं प्रामाणिक तोलणारा माणूस एकाएकी काटा का मारील?"

"मी फळ्यांना मोटर बसवायची म्हणतोय म्हणून. बटण दाबलं की काम. काकांना ते झोंबलंय."

"कालपासून कुणी काही हलवलंय?"

"छे! मी स्वतः कुलूप घातलं."

"मग मेलेलं अजून आत असेल," मापबाई म्हणाल्या. "चला, प्रेत तरी बघू."

दोन

प्रेताने मात्र पंचाईत केली.

व्हायोलिनबाई नाक फुगवूनच मंचावर आल्या. एक लांब सूर काढला, गज उचलला आणि मान तिरकी करून ऐकत राहिल्या. मग दुसरा. मग एक छोटीशी तान. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून वाढत गेल्या.

"काय झालं? मेलेलंच आहे ना?" मापबाईंनी विचारलं.

"जिवंत आहे! चांगलं ठणठणीत आहे. हे काय, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"नाही."

व्हायोलिनबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू एखाद्याने मीठ आणि साखर सारखीच लागते म्हणून सांगितलं असावं. "गाढवापुढे वाचली गीता," त्या पुटपुटल्या. पण मापबाईंना तेवढं बरोबर ऐकू गेलं.

"गाढव तर गाढव. पण गाढवाला एक शंका आहे. काल इथे माणसं होती, आज नाहीत. माणसंच आवाज खात असतील."

"खातात. पण ही खुर्ची बघा." बाईंनी एक दुमडलेली खुर्ची दाखवली. बुडाला बारीक बारीक भोकं होती, आत कापूस. "रिकामी असली की ही भोकं आवाज खातात. माणूस बसला की भोकं झाकली जातात आणि तो माणूस खातो. हिशेब बरोबरीत. मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा भिंतकाकांनीच मला हे कौतुकाने दाखवलं होतं." त्यांचा आवाज जरा खाली आला. "माणूस वाईट नाही हो तो. म्हणून तर जास्त राग येतो."

"काल वाजवताना तुम्हाला समोर काय दिसलं?"

"काय दिसणार? एरवी पुढच्या रांगांत चार रंग तरी दिसतात, कुणाचा पांढरा सदरा, कुणाचा लाल पदर. काल सगळं काळं-करडं. नांगरलेल्या शेतातली ढेकळं जशी. मला वाटलं, माझ्या शोकसभेला आलेत."

मापबाईंनी ते टिपून घेतलं. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. व्यवस्थापक मात्र खुश झाले.

"बघा! म्हणजे काकांनी संध्याकाळी नमदा बाहेर काढला आणि बोंब झाल्यावर गुपचूप परत फिरवला. आता तर डबल गुन्हा!"

तीन

हँडलांची खोली म्हणजे भिंतीच्या पोटातला अरुंद बोळ. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने श्वास धरावा, इतका. भिंतीत वितीएवढी काचेची खिडकी, तिच्यातून सभागृह दिसे. भिंतकाका स्टुलावर बसले होते. सुकलेले, शांत, हातांना तेलाचा वास.

"काका, एक फळी पुरी फिरवून दाखवा."

काकांनी हँडल धरलं. मापबाईंनी मनगटावरचं घड्याळ. लाकूड आत जाऊन नमदा पुरता बाहेर यायला पन्नास सेकंद लागले, आणि वर हँडलाने असं कण्हून दाखवलं की वीस रांगांपर्यंत जावं.

मापबाई बोळातून बाहेर वळल्या. "साहेब, बाईंनी वाजवणं थांबवल्यावर तुम्ही फळ्या कधी पाहिल्यात?"

"लगेच! पाच मिनिटांत. दोन्ही भिंतींच्या हात लावून पाहिल्या. लाकूडच होतं."

"अठ्ठेचाळीस फळ्या, एकीला पन्नास सेकंद. चाळीस मिनिटं झाली. पाच मिनिटांत त्या परत फिरवायला काकांना आठ-दहा हात तरी हवेत."

"मग पडदे! पडदे दोरीने ओढायचे असतात, दोन मिनिटांचं काम."

मापबाई गुडघ्यांना दोष देत सज्जावर चढल्या. पडद्यांच्या रुळावर बोट फिरवलं. महिन्याभराची धूळ, सलग, साईसारखी जमलेली. पडदे सरकले असते तर साय मोडली असती. त्या खाली आल्या तेव्हा त्यांना धापही लागली होती आणि समाधानही वाटत होतं. दिवसातलं पहिलंच.

"काका, तुम्ही सुटलात. फळ्या नाहीत, पडदे नाहीत. तुमचा हात यात नाही."

सुटलेल्या माणसाने हसावं, निदान हुश्श करावं. भिंतकाकांचा चेहरा पांढरा पडला.

"मग... आता कुणावर जाणार?"

"ते तुम्हीच सांगा. पावसाळ्यात कुठली फळी फुगली ते तुम्ही नुसतं खोकून ओळखता म्हणतात. काल काय बिनसलं ते तुम्हाला कळलं नसेल?"

"नाही कळलं."

"या खिडकीतून काही दिसलं नाही?"

"नाही."

"काका, तीस वर्षांत 'नाही' हा शब्द इतक्या वेळा बोललात का हो कधी?"

काका हँडलाकडे बघत राहिले. मग सावकाश उठले, कमरेची किल्ली काढली आणि मापबाईंच्या हातावर ठेवली.

"लिहा अहवाल. मीच केलं."

चार

चिडावं तरी कुणावर? खोटं वजन वापरून वर 'छे हो' म्हणणारे मापबाईंनी शेकड्याने पाहिले होते. वजन खरं असून 'मी चोर' म्हणणारा हा पहिलाच. साडेतीन वाजले होते. व्यवस्थापक 'कबुली मिळाली' म्हणून फोनवर फोन लावत होते. मापबाई तरातरा बाहेरच्या दालनात आल्या आणि कोटघरासमोरच्या बाकावर बसल्या. 'देवा, कान दिला नाहीस तो नाहीस, निदान डोकं तरी चालव माझं,' असं मनात म्हणाल्या.

कोटघर म्हणजे थंडीत येणाऱ्या लोकांचे कोट, शाली, छत्र्या ठेवायची जागा. लाकडी काउंटरच्या पलीकडे खुंट्यांच्या रांगा, आणि तिथे बसणारी बाई म्हणजे भिंतकाकांची बायको. हिला सगळे टोकनकाकू म्हणत. दोघांचा डबा एक, घर एक, आणि कामाची जागा दोन दारं सोडून.

"काकू, तुमच्या यजमानांनी कबूल केलं."

"काय म्हणालात? या बाजूने बोला, हा कान जरा..." काकूंनी डोकं वळवलं. मापबाईंनी पुन्हा सांगितलं. काकू काउंटरला धरून उभ्याच राहिल्या. "काहीतरीच! ते आपल्या भिंतींना कुणाला हात लावू देत नाहीत. ते कशाला सभागृह मारतील?"

"तेच मी म्हणतेय. काल तुम्ही इथेच होतात?"

"दुसरीकडे कुठं जाणार? तीस वर्षं इथंच. माझीसुद्धा खुंटी झालीय."

मापबाईंची नजर सवयीने मोजत सुटली. पितळी टोकनं खुंट्यांवर ओळीने लटकत होती. एक ते सहाशे, सगळी जागच्या जागी.

"एकही हरवलं नाही वाटतं?"

"हरवत नाहीत कशी! रोज दोन-चार महाभाग टोकन खिशात घालून घरी जातात. मग दुसऱ्या दिवशी येतात जीभ चावत..." काकूंनीच जीभ चावली.

तेवढ्यात झाडणारा माणूस टोपली घेऊन आला. "काकू, काल आतमध्ये सापडलेलं सामान. चार मफलर, हातमोजे, आणि हा बघा, सातव्या रांगेत खुर्चीखाली अख्खा कोट! घालून आलेला माणूस घरी काय कुडकुडत गेला?"

"आत सापडला?" मापबाई उठल्या. "आत कोट न्यायची मनाई आहे ना? तिकिटावर छापलंय."

"हो, ते शोभेसाठी," मागोमाग आलेले व्यवस्थापक फोनवर हात ठेवून म्हणाले. "माझ्या आधीपासूनचा नियम आहे. लोक आत गबाळे दिसू नयेत म्हणून असेल."

"असेल? विचारलंत कधी?"

"त्यात काय विचारायचं!"

मापबाईंनी तो कोट दोन्ही हातांवर घेतला. पस्तीस वर्षं वजनं उचललेले हात ते. डोळे मिटून त्यांनी कोट जरासा वर-खाली केला. "साडेतीन किलो. चांगली लोकर आहे. निम्मेच धरा. सहाशे माणसं, पावणेदोन किलो..." आणि डोळे उघडून त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, फोन ठेवा. सगळ्यांना आत बोलवा. काल या सभागृहात हजार किलो लोकर आली होती, आणि तुम्ही भिंतींवरचा नमदा शोधत बसलात."

पाच

चौघं पहिल्या रांगेत बसली: व्यवस्थापक, व्हायोलिनबाई, भिंतकाका आणि त्यांच्यापासून एक खुर्ची सोडून टोकनकाकू. मापबाई उभ्या राहिल्या. भाषणाची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे त्या दुकानदाराला समजवावं तशा बोलल्या.

"माणूस आला-गेला तरी खुर्ची हिशेब बरोबरीत ठेवते, असं बाईंनी मला दाखवलं. खरं आहे. पण खुर्चीने हिशेब माणसाचा केलाय, त्याच्या मांडीवरच्या कोटाचा नाही. काल लोक कोटांसकट आत आले. मांडीवर कोट, पाठीला कोट, सज्जाच्या कठड्यावर कोट. बाईंना समोर ढेकळं दिसली ती तीच. शंभर नमदे टांगले असते तरी एवढा आवाज मेला नसता. म्हणून दुपारी सभागृह जिवंत, लोक आल्यावर मेलेलं, आणि आज पुन्हा जिवंत. फळ्या सगळ्या वेळ लाकडावरच होत्या."

"पण लोक कोट घेऊन आत आलेच कसे?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"कोटघर बंद होतं म्हणून. उघडं असतं तर आज दोन-चार टोकनं घरोघरच्या खिशांत असती. तुम्ही काल पुढच्या दाराला फिरकलाच नाहीत?"

"मी मागच्या दाराला होतो, ध्वनिमुद्रणवाल्यांबरोबर. कुणी तक्रारही केली नाही!"

"मैफलच बुडाल्यावर कोटाची तक्रार कोण करील? आणि काका," मापबाई वळल्या, "तो नियम शोभेचा नाही. तो तुम्हीच करून घेतलात ना?"

भिंतकाकांनी मान हलवली. "पहिल्याच हिवाळ्यात."

"म्हणजे काल त्या वितीएवढ्या खिडकीतून तुम्ही डोकावलात, कोट पाहिलेत आणि त्याच क्षणी तुम्हाला सगळं कळलं."

"कळून काय उपयोग? दारं बंद झाली होती, वाजवणं सुरू झालं होतं. फळ्या सगळ्या लाकडावर. आणखी लाकूड आणू कुठून?" काकांचा आवाज चिरकला. "तीस वर्षांत असं हात बांधून कधी उभा राहिलो नव्हतो."

"आणि खिडकीतून आणखी काय दिसलं?"

बोलल्या त्या काकू.

"मी दिसले. शेवटच्या रांगेत." त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही मला बघितलंत? आणि घरी आल्यावर एक अक्षर नाही? वर गुन्हा कबूल करता? अक्कल कुठं ठेवलीत, खुंटीला?"

"तुझी नोकरी गेली असती."

"आणि तुमची गेली असती ती? ती काय वाऱ्यावर पडलीय?"

व्हायोलिनबाईंना हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं. काकू मापबाईंना म्हणाल्या, "लिहा बाई, खरं तेच लिहा. डॉक्टर म्हणाले, हा कान तर गेलाच, दुसरा वर्षभर टिकला तरी खूप. हे रोज घरी येऊन सांगतात, आज सूर कसा फिरला, आज कसा थांबला. तीस वर्षं मी दोन दारांच्या पलीकडे कोट सांभाळतेय. म्हटलं, कान आहे तोवर एकदा ऐकावं. सुट्टी मागितली होती."

"कुणाकडे?"

काकूंनी व्यवस्थापकांकडे पाहिलं. व्यवस्थापकांना अचानक आपल्या बुटांची लेस सैल झालेली दिसली.

"बदली माणूस नव्हता," ते बुटाकडे बघत म्हणाले. "पण म्हणून दाराला कडी घालून जायचं? एवढी मैफल बुडाली!"

"मला काय ठाऊक कोटाने आवाज मरतो ते? मला वाटलं, लोक एक दिवस कोट मांडीवर घेतील. हे सगळ्या जगाचं सांगतात, एवढं तेवढं सांगितलं नाही."

भिंतकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. खरंच सांगितलं नव्हतं. जी गोष्ट रोज आपोआप नीट होते, ती घरी कोण सांगतो?

पाचला पाच मिनिटं असताना मापबाईंनी अहवाल लिहिला. फळ्या निर्दोष, पडदे निर्दोष, काका निर्दोष. कोटघर बंद होतं आणि ते बंद करणाऱ्या बाईंना तीस वर्षांत एकदाही बदली माणूस मिळालेला नाही, हेही त्याच शाईने. मंडळात तासभर कल्लोळ झाला. कुणी म्हणे काकूंना काढा, कुणी म्हणे व्यवस्थापकांना. मापबाईंचं डोकं उठलं. शेवटी दारात व्हायोलिनबाई उभ्या राहिल्या.

"मी रविवारी दुपारी पुन्हा वाजवते. त्या बाईंना कामावर ठेवायचं, आणि रविवारी त्यांनी आत बसायचं. बदली माणूस मिळत नसेल तर साहेब आहेतच. दोन फोन सांभाळतात, सहाशे कोट काय जड आहेत?"

सहा

रविवारी व्यवस्थापकांनी सहाशे कोट टांगले. एकोणीस जणांना दुसऱ्याचे दिले.

आत मैफल रंगली, असं सगळे म्हणाले. लोक डोळे पुसत होते. मापबाई चौथ्या रांगेत हातावर हात ठेवून बसल्या होत्या, आणि त्यांना पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत सगळं सारखंच लागलं. एवढा जीव काढून शोधलेला माल आपल्यालाच चाखता येऊ नये, याचा त्यांना मनापासून वैताग आला. मग मनातच देवाची क्षमा मागून त्या जिन्याकडे निघाल्या.

वळणावर भिंतकाका आणि काकू उभी होती. काकांच्या अंगावर धुतलेला सदरा. परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा चेहरा.

"मग? ऐकलंस ना नीट? आज खरं सभागृह होतं. सूर कसा मागून येऊन वेढा घालत होता, बघितलंस?"

"हो, छान होतं."

"नुसतं छान?"

काकू पदराशी चाळा करीत राहिल्या. "रागावणार नसाल तर सांगते. मला ना, त्या दिवशीचंच जास्त आवडलं."

"काय?"

"अहो, आज सगळं एकात एक मिसळत होतं. गोड होतं, पण माझ्या कानाला धुकं वाटलं. त्या दिवशी एकेक सूर वेगळा येत होता. समोर ठेवल्यासारखा. हात लावावा असा."

मापबाईंनी कठड्याआड श्वास रोखून धरला. तीस वर्षं ज्या सुराच्या घोटाळण्यासाठी या माणसाने हाडं झिजवली, ते त्याच्या बायकोला धुकं वाटलं होतं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कर्म माझं," ते शेवटी म्हणाले. "उद्या सकाळी बाईंचा सराव आहे, अकराला. त्या जाण्याआधी एकदा वाजवतील, मी विनवतो. तू दहाला ये."

"इतक्या लवकर कशाला?"

"नमदा बाहेर काढायचाय. अठ्ठेचाळीस फळ्या आहेत, चाळीस मिनिटं लागतात. आणि हँडल करकरलं की ओरडायचं नाही."